डीसीकरांच्या मतासाठी आपली देवळं कधी बोलणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या ऑगस्टपासून आपल्या पेपरात वॉशिंग्टन डीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या राजधानीच्या, बऱ्याच बातम्या आल्या, रस्त्यावर नॅशनल गार्डचे (राखीव सैन्यदलाचे) जवान, राष्ट्राध्यक्षांनी ११ ऑगस्टला शहराचे पोलीस ३० दिवस आपल्या ताब्यात घेतले, सगळं आलं. पण एक गोष्ट कुठेच नीट आली नाही म्हणून हे पत्र लिहितोय. ज्या शहरात हे सगळं झालं तिथल्या जवळपास ७ लाख लोकांना अमेरिकेच्या संसदेत मत देणारा एकही प्रतिनिधी नाहीये. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, कोणी नाही आणि हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, एक डेलिगेट आहे, ती भाषण करू शकते, कमिटीत बसू शकते, पण विधेयक मताला आलं की तिचं मत मोजलं जात नाही. व्हर्मॉन्ट आणि वायोमिंग या राज्यांची लोकसंख्या डीसीपेक्षा कमी आहे आणि त्यांना प्रत्येकी दोन सिनेटर आहेत. दिल्लीची जनता लोकसभेत ७ खासदार पाठवते, तेव्हा राजधानीत राहतो म्हणून मत नाही हे आपल्या वाचकांना खरं सुद्धा वाटणार नाही.

मी स्वतः डीसीत राहतो. आधी नदीपलीकडे व्हर्जिनियात होतो, नागरिकत्व तिथे असतानाच मिळालं, पहिलं मतदानही तिथेच केलं, दोन सिनेटर आणि हाऊसचा एक मेंबर असे तिघं हक्काचे होते, काही अडलं की त्यांच्या ऑफिसला फोन करायचो. मग पोटोमॅकचा पूल ओलांडून इकडे घर घेतलं आणि ते तिघंही गेले. टॅक्स तसाच, पासपोर्ट तोच, ज्युरी ड्युटीची नोटीस येते ती पण तशीच, फक्त जिथे कायदे होतात तिथे माझ्या वतीने हात वर करणारं कोणी नाही. आणि हे ऐका, माझा एखादा मित्र टेक्सासमधलं घर विकून कायमचा भारतात परत आला आणि त्याने अमेरिकन नागरिकत्व सोडलं नाही, तर तो भारतात बसून टेक्सासच्या सिनेटरसाठी मत टाकू शकतो, १९८६ चा तसा कायदा आहे, आणि मी कॅपिटलचा, म्हणजे संसदेच्या इमारतीचा, घुमट रोज बघतो तरी मला ते करता येत नाही.

हे असं का झालं ते थोडक्यात सांगतो. १७८३ मध्ये फिलाडेल्फियात पगार थकलेल्या सैनिकांनी संसदेला घेरलं होतं आणि पेनसिल्व्हेनिया सरकारने संरक्षणाला माणसं पाठवली नाहीत, त्यामुळे राजधानी कुठल्याच राज्याच्या हाताखाली नको असं ठरलं आणि दहा मैल बाय दहा मैलाच्या जागेवर संसदेचा पूर्ण अधिकार हे कलम घटनेत आलं. त्यात तिथे राहणाऱ्यांचं मत काढून घ्या असं कुठेही म्हटलेलं नाही, पण राजधानीचा भाग संसदेच्या ताब्यात घेणाऱ्या १८०१ च्या कायद्यानंतर प्रत्यक्षात तेच झालं. राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचा हक्क १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने मिळाला, म्हणजे डीसीच्या माणसाने त्या हक्काने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत टाकलं ते १९६४ साली.

पण हे सगळं जुन्या लोकांच्या नजरचुकीमुळे झालं असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. गुलामगिरी संपल्यावर १८६७ मध्ये इथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना शहराच्या निवडणुकीत मत मिळालं होतं, आणि पुढच्या काहीच वर्षांत, १८७४ मध्ये, संसदेने शहराचं निवडून आलेलं सरकारच काढून टाकलं आणि नेमलेल्या कमिशनरांच्या हातात कारभार दिला, तो जवळजवळ शंभर वर्षं तसाच राहिला. १८९० मध्ये अलाबामाच्या मॉर्गन नावाच्या सिनेटरने तर भर सभागृहात सांगितलं की काळ्या लोकांच्या हातून मत काढायचं म्हणून सगळ्यांचंच काढलं. पुढे १९५० च्या दशकात हे शहर कृष्णवर्णीय बहुसंख्येचं झालं, तेव्हा हा प्रश्न अंगावर कोणाच्या आला आणि तो कोणाला सोडवावासा वाटला नाही हे वेगळं सांगायला नको.

याचा त्रास रोजच्या जगण्यात होतो हे भारतात बसून कळणं अवघड आहे म्हणून एक-दोन गोष्टी सांगतो. शहराने स्वतःच्या टॅक्समधून गोळा केलेला पैसा कसा खर्च करायचा हे सुद्धा संसद ठरवते. ड्रग्ज टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया द्यायच्या, म्हणजे एचआयव्ही पसरणार नाही, या कामावर शहराने स्वतःचा पैसा घालायलाही १९९८ पासून २००७ पर्यंत संसदेने बंदी घातली होती, ज्यांनी घातली त्यातला एकही डीसीचा नव्हता आणि त्यांना जाब विचारायची सोय पण नव्हती. २००९ च्या सरकारी अहवालात शहरातल्या १२ वर्षांवरच्या लोकांपैकी किमान ३ टक्के एचआयव्हीबाधित असल्याचं आलं. साथीची कारणं अनेक असतील, पण जो इलाज शहराला करायचा होता तो करू दिला नाही एवढं तर खरंच आहे, आणि त्या काळात अंत्यसंस्कार करून करून थकलेले पास्टर (चर्चचे धर्मगुरू) इथे अजून आहेत. मग २०२५ च्या मार्चमध्ये सुमारे १.१ अब्ज डॉलरची कात्री चालू वर्षातच शहराच्या बजेटला लावणारं विधेयक मंजूर झालं, सिनेटने ती कात्री रद्द करणारं वेगळं विधेयक पण पास केलं, हाऊसने ते पुढे घेतलंच नाही. शाळा, पोलीस, फायर ब्रिगेड सगळ्यांचा जीव टांगणीला. आणि ऑगस्टमध्ये गार्ड आले तेव्हा लक्षात ठेवा, राज्यात गार्डचा प्रमुख गव्हर्नर असतो, डीसीत मेयरच्या हातात तो अधिकार नाही, तो थेट राष्ट्राध्यक्षाकडे. २०२१ च्या ६ जानेवारीला कॅपिटलवर हल्ला झाला तेव्हा मेयर स्वतःहून गार्ड बोलावू शकत नव्हत्या ते याचमुळे.

आता मुख्य मुद्दा. हक्क मागायचा तर कोणाकडे मागायचा? कुठल्याही लोकशाहीत माणूस आपल्या प्रतिनिधीकडे जातो आणि म्हणतो काम करा नाहीतर पुढच्या वेळी पाडू. डीसीकराकडे पाडायला कोणी नाहीच. मी एकदा एका सिनेटरच्या ऑफिसला फोन केला, तिकडून मुलीने अगदी गोड आवाजात पहिला प्रश्न विचारला, तुमचा झिप कोड (म्हणजे आपला पिन कोड)? सांगितला. दोन सेकंद शांतता आणि मग, सॉरी सर, आम्ही आमच्या राज्यातल्या मतदारांचीच मतं नोंदवतो. तिची काही चूक नाही, तिला तसंच शिकवलंय. पण १०० सिनेटरांपैकी माझा एकही नाही त्यामुळे १०० ऑफिसांमधून मला हेच उत्तर मिळणार. ज्याला मत नाही त्याला मत मिळवण्यासाठी दुसऱ्याचं मतच लागतं, दुसरा मार्ग नाही. आणि देशाच्या प्रत्येक राज्यात, गावात, प्रत्येक मतदारसंघात आपली माणसं असलेली संस्था कोणती? पक्ष सोडले तर धर्मसंस्था. चर्च, सिनगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मशीद, गुरुद्वारा आणि आता देऊळ पण. म्हणून मी म्हणतो की या प्रश्नात धर्माच्या लोकांनी पडणं हे नुसतं चांगलं काम नाहीये, हेच एक काम आहे जे इतर कोणाला जमण्यासारखं नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये, झालेलं आहे हे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग डीसीच्या स्वराज्यासाठी इथे मोर्चा घेऊन आले होते, त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्काच्या कायद्यावर सही केली आणि तरी या शहराला काही मिळालं नाही. किंगसाहेबांच्या संघटनेचं डीसीतलं काम बघायचे रेव्हरंड वॉल्टर फाँट्रॉय, शॉ भागातल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर. १९७० च्या कायद्याने डीसीला जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा बिनमताचा डेलिगेट निवडायची परवानगी मिळाली आणि १९७१ मध्ये लोकांनी या पास्टरलाच निवडून दिलं, ते पुढे २० वर्षं होते.

तेव्हा हाऊसमध्ये डीसीचा कारभार बघणारी जी कमिटी होती तिचा चेअरमन जॉन मॅकमिलन, साउथ कॅरोलायनाचा, दोन दशकांहून जास्त काळ खुर्चीत, आणि डीसीच्या स्वराज्याचं प्रत्येक विधेयक तो कमिटीतच दाबून टाकायचा. १९६७ मध्ये नेमलेले कृष्णवर्णीय मेयर वॉल्टर वॉशिंग्टन यांनी पहिलं बजेट पाठवलं तेव्हा या गृहस्थाने त्यांच्या ऑफिसला ट्रकभर कलिंगडं पाठवून दिली. अमेरिकेत काळ्या माणसाला कलिंगडावरून चिडवणं ही किती घाणेरडी शिवी आहे हे इथे राहिलेल्याला माहितीये. तर या माणसाला डीसीतून हात लावणं शक्य नव्हतं, त्याला निवडून देणारे लोक शेकडो मैलांवर होते. फाँट्रॉयनी काय केलं, डीसीतून बसेस भरून कार्यकर्ते त्याच्या मतदारसंघात नेले, तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांना आणि चर्चमधल्या लोकांना भेटले, सांगितलं की तुमचा हा माणूस आमच्या मानेवर बसलाय आणि त्याला उठवायची ताकद तुमच्याकडे आहे. १९७२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मॅकमिलन पडला. कमिटी मिशिगनच्या चार्ल्स डिग्जकडे गेली आणि १९७३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सननी होम रूल ॲक्टवर, म्हणजे शहराच्या स्वराज्याच्या कायद्यावर, सही केली. आज डीसीला मेयर आहे, कौन्सिल आहे, ते त्यामुळे. ही गोष्ट मी मुद्दाम एवढी लांबवली कारण यातला हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो, प्रार्थना होतीच पण प्रार्थनेबरोबर कुठल्या मतदारसंघात आपली किती माणसं आहेत हे त्यांनी मोजलं होतं.

१९७८ मध्ये तर डीसीला पूर्ण प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांशने पास झाली, सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३२, म्हणजे अगदी काठावर. आणि त्या ६७ मध्ये साउथ कॅरोलायनाचा स्ट्रॉम थर्मंड पण होता, ज्याने वर्षानुवर्षं नागरी हक्कांना विरोध केला तो! त्याची त्याच वर्षी निवडणूक होती आणि त्याच्या राज्यात आता काळे लोक मत देत होते. पण पुढे ३८ राज्यांची मंजुरी लागत होती, सात वर्षांत फक्त १६ मिळाल्या. राज्याराज्यात जाऊन पटवणारी माणसं कमी पडली, आणि माझ्या मते आजही तीच कमी पडतायत.

ज्यूंच्या रिफॉर्म पंथाचं उदाहरण पण बघण्यासारखं आहे. त्यांचं रिलिजस ॲक्शन सेंटर इथे मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर आहे, १९६४ आणि १९६५ च्या नागरी हक्क कायद्यांचे काही मसुदे त्याच इमारतीच्या कॉन्फरन्स रूममध्ये लिहिले गेले. डीसीच्या मतासाठी ते लोक वर्षानुवर्षं बोलतायत आणि आपल्या धर्माचा आधार देऊन बोलतात, त्यांच्या तालमुद या धर्मग्रंथात म्हटलंय की समाजाला विचारल्याशिवाय त्याच्यावर कारभारी नेमू नये. बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिश्चन म्हणतात प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडला, मग एकाचं मत मोजायचं आणि दुसऱ्याचं नाही हे कोणी ठरवलं. आपल्याकडे तर सगळ्यांमध्ये तोच एक आहे हे लहानपणापासून कानावर पडतं, आणि हे रोज म्हणणारे आपण या प्रश्नावर गप्प, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी आमच्या घराजवळच्या एका चर्चमध्ये जातो, धर्म बदललेला नाही हं, तळघरात संध्याकाळी फोन करायला बसतात तिथे जातो. पद्धत साधी आहे. प्रत्येकाने एका कार्डावर दुसऱ्या राज्यातल्या आपल्या नातेवाइकांची, जुन्या शेजाऱ्यांची, कॉलेजच्या मित्रांची नावं लिहायची, शेजारी त्या राज्याचे दोन सिनेटर, आणि मग त्या माणसाला फोन लावून विनंती करायची की बाबा रे तू तुझ्या सिनेटरला फोन कर. सिनेटरला आम्ही फोन करतच नाही, उपयोगच नाही. तिथे एक सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या आजी येतात, त्यांचा मुलगा सैन्यात आहे. त्यांचं कार्ड नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जियातल्या चुलत-मावस भावंडांनी गच्च भरलेलं असतं, सगळी त्याच पंथाच्या चर्चमध्ये जाणारी, आणि प्रत्येक फोनला त्या आधी तब्येत विचारतात, मग लेकरांची चौकशी, मग एकदम सांगतात की माझा पोरगा ज्या लढाईला जाईल ती करायची की नाही यावर मत द्यायला माझ्याकडे कोणी नाहीये. पलीकडे काय बोलतात ते ऐकू येत नाही, पण फोन लगेच ठेवलेला मी पाहिला नाही.

मी मात्र माझं कार्ड लिहायला बसलो की न्यू जर्सी, टेक्सास, ओहायो, फ्लोरिडा, मराठी नावंच नावं. अमेरिकेत भारतीय वंशाचे ५० लाखांच्या आसपास लोक आहेत आणि जवळजवळ प्रत्येक राज्यात देऊळ आहे. पण देवळाच्या ट्रस्टींशी बोललं की एकच उत्तर येतं, नको रे बाबा पॉलिटिक्स, आपलं टॅक्स एक्झम्प्ट स्टेटस, म्हणजे करमाफी, जाईल. हे चुकीचं आहे आणि ते स्पष्ट सांगायला पाहिजे. १९५४ पासून कायद्यात मनाई आहे ती उमेदवाराचा प्रचार करायला, अमक्याला निवडून द्या तमक्याला पाडा असं धर्मसंस्थेने म्हणायला. एखाद्या विधेयकाबद्दल बोलायला, सभा घ्यायला, भक्तांना तुमच्या सिनेटरला कळवा असं सांगायला परवानगी आहे, फक्त तो संस्थेच्या एकूण कामाचा मोठा हिस्सा होता कामा नये. हजारो चर्च आणि सिनगॉग हे उघड करतायत, त्यांच्या वकिलांनी कायदा वाचूनच करतायत. आरतीनंतर पाच मिनिटं अनाउन्समेंट केली तर स्टेटस जात नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडचे वाचक घेतील की धर्म आणि राजकारण एकत्र आणलं की काय होतं ते आम्ही बघतोय. बरोबर आहे, मलाही त्याची भीती वाटते आणि धर्माच्या नावावर मतं मागणं मला अजिबात पटत नाही. पण इथे कोणी स्वतःच्या धर्मासाठी काही मागत नाहीये. चर्चमधली माणसं ज्या ७ लाख लोकांसाठी बोलतायत त्यात मुसलमान आहेत, ज्यू आहेत, हिंदू आहेत, देव न मानणारे तर भरपूर आहेत, आणि हक्क मिळाला तर तो सगळ्यांना सारखाच मिळणार.

तिसरा आक्षेप इथले लोक घेतात, की हे सगळं डेमोक्रॅटांना दोन सिनेटर मिळवून द्यायचं नाटक आहे. डीसीने २०२० मध्ये बायडनना ९२ टक्के मतं दिली हे खरं आहे, लपवायचं काय त्यात. पण माणूस कोणाला मत देईल हे बघून त्याला मत द्यायचं की नाही हे ठरवायला लागलो तर मग लोकशाही कशाला म्हणायची. शिवाय होम रूलवर सही करणारा निक्सन रिपब्लिकन होता. शेजारच्या मेरीलँड राज्यात विलीन करा असंही सुचवतात, ते ना मेरीलँडला हवंय ना डीसीला, २०१६ च्या सार्वमतात सुमारे ८६ टक्के लोकांनी स्वतंत्र राज्याच्या बाजूने कौल दिलाय. सध्याची मागणी पण तीच आहे, ५१ वं राज्य, कॅपिटल, व्हाइट हाऊस आणि आसपासचा छोटा भाग तेवढा केंद्राकडे ठेवून बाकीचं राज्य. एच. आर. ५१ नावाने ते विधेयक हाऊसने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२१ च्या एप्रिलमध्ये २१६ विरुद्ध २०८ मतांनी पास केलं, सिनेटमध्ये ते मताला पण आलं नाही. नव्या राज्याचं नाव ठरलंय वॉशिंग्टन, डग्लस कॉमनवेल्थ, गुलामगिरीतून पळून येऊन देशाला जागं करणाऱ्या फ्रेडरिक डग्लस यांच्यावरून, ते शेवटपर्यंत याच शहरात राहिले. पोर्तो रिको आणि ग्वाम या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांवरच्या नागरिकांचा प्रश्न याहून वेगळा आणि त्यांना तर राष्ट्राध्यक्षासाठी पण मत नाही, त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

आपला पेपर अमेरिकेत फोनवर वाचणारे खूप आहेत, आणि भारतात वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची मुलं, सुना, जावई, भाचे इकडे नागरिक झालेत, म्हणून विनंती थेट तुम्हालाच करतो. मेरीलँड आणि व्हर्जिनियातल्या लोकांपेक्षा मला टेक्सास, ओहायो, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना इथले लोक जास्त हवेत, कारण अडलंय ते तिथल्या सिनेटरांपाशी. रविवारी व्हिडिओ कॉल होतोच, त्यात विषय काढा. देवळाच्या कमिटीवर कोणी असेल तर त्याला वरचा कायद्याचा मुद्दा सांगा, आणि गावातल्या चर्च-सिनगॉगमध्ये हे काम चालू असेल तर त्यांच्यात जाऊन बसा म्हणावं, ते हाकलत नाहीत, उलट खुर्ची ओढून देतात. उत्तर अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात एवढे कार्यक्रम असतात, त्यात या विषयाला अर्धा तास मिळाला तर हजारो मराठी मतदारांपर्यंत एका दिवसात पोचता येईल. फोन करणं अगदी सोपं आहे, कॅपिटलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१, आपल्या राज्याचं नाव सांगायचं, सिनेटरच्या ऑफिसला जोडून देतात, झिप कोड विचारतील तो द्यायचा, आणि म्हणायचं की डीसीच्या राज्याच्या विधेयकाला माझा पाठिंबा आहे, सिनेटरसाहेबांचं मत काय आहे ते मला लेखी कळवा. लेखी हा शब्द विसरू नका म्हणावं, कारण लेखी मागितलं की ऑफिसला उत्तर काढावं लागतं आणि ते उत्तर हातात आलं की त्याचा फोटो काढून आपल्या देवळाच्या ग्रुपवर टाकता येतो.

आपला,
एक मराठी वाचक, वॉशिंग्टन डीसी